एक नाव, अनेक लेखनरूपे : संगणकीय नोंदी आणि हॅश सारणी

कोणत्याही लोकोपयोगी योजनेचा आरंभ यादीपासून होतो. पिकाच्या नुकसानीची भरपाई असो, पीककर्ज असो, शिधापत्रिका असो की विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती असो. लाभार्थीचे नाव नोंदले जाणे ही पहिली पायरी होय. तथापि नाव नोंदले जाणे आणि ते हवे तेव्हा सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंद असूनही ती सापडली नाही, तर पात्र माणूस वंचित राहतो. दोन निराळ्या माणसांच्या नोंदी एकच समजल्या गेल्या, तर एकाचा हक्क दुसऱ्याच्या खात्यावर जातो. संगणकाने शोधाचे काम विलक्षण वेगवान केले असले, तरी हे दोन्ही धोके त्याने आपोआप दूर केलेले नाहीत. ते दूर करावयाचे, तर संगणक ‘एकच’ हा शब्द कोणत्या अर्थाने घेतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत हा प्रश्न अधिकच जाणवतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील महसुली कागद उर्दू, फार्सी व मोडी लिपींत आढळतात. पुढे १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक, त्यानंतर मराठी सातबारा आणि शेवटी संगणकीकृत सातबारा, असा नोंदींचा प्रवास झाला. या प्रवासात एकाच कुटुंबाचे नाव अनेक हातांनी, अनेक लिपींतून उतरविले. उर्दू लिपीत ह्रस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि ‘ऊ’ व ‘ओ’ यांना एकच अक्षर चालते. त्यामुळे ‘मारुती’ की ‘मारोती’, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर राहिले. ‘ज्ञानोबा’ कोठे ‘ग्यानोबा’ झाले, ‘व्यंकट’ कोठे ‘वेंकट’ झाले, ‘गणपत’च्या पुढे एका कागदात ‘राव’ लागले आणि दुसऱ्यात लागले नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेखांचा मोठ्या प्रमाणावर शोध घेण्यात आला, तेव्हा जुन्या नोंदींतील एकेका अक्षराला किती महत्त्व असते, हे सर्वसामान्यांच्याही लक्षात आले.

अशा नोंदी संगणकावर शोधण्यासाठी जी रचना सर्वाधिक वापरली जाते, तिला हॅश सारणी म्हणतात. तिचे कार्य, तिच्यात स्वतःचा तुलनानियम घालण्याची रीत आणि त्या रीतीतील धोके यांचा विचार येथे केला आहे.

हॅश सारणीचे कार्य

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एक लाख कागद एकावर एक रचून ठेवले आहेत, अशी कल्पना करावी. एखादे नाव शोधावयाचे झाल्यास पहिल्या कागदापासून आरंभ करावा लागेल आणि सरासरीने पन्नास हजार कागद चाळावे लागतील. कागद वर्णानुक्रमाने लावले असतील आणि दर वेळी मधला कागद उघडून उरलेले निम्मे बाजूला सारले, तर हे काम सुमारे सतरा तुलनांत होते. हॅश सारणीची रीत याहून वेगळी आहे. तिच्यात कपाटाला क्रमांकित खण असतात. नावावरूनच एक अंक काढला जातो आणि तो अंक नावाचा खण सांगतो. नोंद ठेवताना ती त्या खणात ठेवावयाची आणि शोधतानाही थेट त्याच खणापाशी जावयाचे. नोंदी लाख असोत की कोटी. खण पुरेसे असतील आणि नोंदी त्यांत सारख्या विखुरल्या असतील, तर मोजक्याच तुलना पुरतात.

ही कल्पना आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली. आज बहुतेक सर्व संगणकभाषांत अशी सारणी तयार मिळते. जिच्यावरून नोंद शोधावयाची, त्या मजकुरास ‘किल्ली’ म्हणतात. किल्लीवरून काढलेला अंक हा ‘हॅश अंक’ होय.

हाताने करण्याजोगे एक उदाहरण घेऊ. वर्णमालेतील व्यंजनांना क्रमांक द्यावेत : क हे १, ख हे २, याप्रमाणे म हे २५, पुढे य २६, र २७, ल २८, व २९, श ३०, ष ३१, स ३२, ह ३३ आणि ळ ३४. स्वर, मात्रा व अनुस्वार सोडून द्यावेत. नावातील व्यंजनांच्या क्रमांकांची बेरीज हा हॅश अंक मानावा. कपाटास ० ते ६ असे सात खण आहेत, असे समजून बेरजेस ७ ने भागावे. जी बाकी राहील, तो खणक्रमांक.

लातूर : ल २८, त १६, र २७, बेरीज ७१, खण १.
नांदेड : न २०, द १८, ड १३, बेरीज ५१, खण २.
निलंगा : न २०, ल २८, ग ३, बेरीज ५१, खण २.
औसा : स ३२, बेरीज ३२, खण ४.
उदगीर : द १८, ग ३, र २७, बेरीज ४८, खण ६.

येथे नांदेड व निलंगा ही दोन निराळी गावे एकाच खणात आली. यात दोष नाही. खण थोडे आणि नावे अनेक असल्यावर असे होणारच. म्हणून खणापाशी पोचल्यावर दुसरे काम उरते. खणातील प्रत्येक किल्ली हव्या असलेल्या किल्लीशी ताडून पाहावयाची. या ताडण्याच्या नियमास ‘तुलनानियम’ म्हणू. हॅश अंक कोठे पाहावयाचे ते सांगतो. सापडलेली नोंद हवी तीच आहे काय, हे तुलनानियम सांगतो. सारणीचे सर्व कार्य या दोघांच्या एकवाक्यतेवर अवलंबून असते.

प्रत्यक्षातील हॅश सूत्र अर्थातच इतके साधे नसते. केवळ बेरीज केल्यास अक्षरांची अदलाबदल झालेली नावे नेहमीच एका खणात पडतात. त्यामुळे अक्षराचे स्थानही हिशेबात घेतले जाते. परंतु तत्त्व हेच.

तुलनानियम बदलला, तर काय घडते?

संगणक मुळात अक्षरशः तुलना करतो. त्याच्या दृष्टीने ‘नांदेड’ व ‘नान्देड’ ही दोन निराळी नावे होत, कारण एकात अनुस्वार आहे आणि दुसऱ्यात ‘न्’ आहे. मराठी वाचकास ही एकाच गावाची दोन लेखनरूपे वाटतात. यास्तव आज्ञावली लिहिणारा ‘अनुस्वार आणि त्याजागी लिहिलेले अनुनासिक यांत भेद मानू नये’ असा स्वतःचा तुलनानियम लिहितो. नियम योग्य आहे. पण त्याने हॅश सूत्र पूर्वीचेच राहू दिले, असे समजू.

‘नान्देड’ची बेरीज होते न २०, पुन्हा न २०, द १८ व ड १३, म्हणजे ७१. खण १. ‘नांदेड’ची नोंद खण २ मध्ये आहे. शोधणारा खण १ उघडतो. तेथे त्याला लातूर दिसते. तुलनानियम प्रामाणिकपणे सांगतो की, नान्देड आणि लातूर एक नाहीत. संगणक उत्तर देतो, ‘नोंद आढळली नाही’. नवा तुलनानियम अचूक होता, पण ज्या दोन नावांसाठी तो लिहिला, ती दोन नावे त्याच्यासमोर कधी आलीच नाहीत.

यावरून या विषयातील मुख्य नियम निघतो. तुलनानियम ज्या दोन किल्ल्यांना एकच मानतो, त्यांचा हॅश अंकही एकच आला पाहिजे. याचे उलट आवश्यक नाही. नांदेड आणि निलंगा यांचा अंक एक असूनही ती निराळी ठरतात, कारण निर्णय तुलनानियमाचा असतो. उलट्या बाजूने फक्त वेग कमी होतो. सुलट बाजूने नियम मोडला, तर नोंद हरवते.

हा दोष लबाड आहे. वरील उदाहरणात सातऐवजी दहा खण असते, तर ५१ व ७१ या दोन्ही अंकांची बाकी १ आली असती आणि नोंद सापडली असती. खण वाढवून वीस केले, तरी दोहोंची बाकी ११ येते. नोंदी वाढल्या की सारणी आपले खण सहसा दुपटीने वाढवते. खण चाळीस झाले की बाक्या ११ व ३१ येतात आणि काल सापडणारी नोंद आज सापडेनाशी होते. शंभर नावांच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली आज्ञावली लाख नावांच्या प्रत्यक्ष कामात चुकते, त्याचे एक कारण हे असते. शिवाय जावा व पायथॉन यांसारख्या भाषांतील सारण्या खणात पोचल्यावरही प्रथम पूर्ण हॅश अंक ताडतात. तो निराळा असेल, तर तुलनानियमाला विचारण्याचे कारणच उरत नाही.

संगणकभाषांतील व्यवस्था

वेगवेगळ्या भाषांनी या नियमाच्या पालनाची निरनिराळी व्यवस्था केली आहे. जावा भाषेत तुलनेसाठी ‘ईक्वल्स’ आणि अंकासाठी ‘हॅशकोड’ अशा दोन कृती असतात. दोन्ही एकदम बदलाव्यात, असा दंडक आहे. तथापि एकच बदलली, तरी कंपायलर अडवत नाही. चूक पुढे कामात प्रकट होते. पायथॉन अधिक सावध आहे. तेथे नव्या वर्गासाठी केवळ तुलनेची कृती लिहिली आणि हॅशची लिहिली नाही, तर त्या वर्गाची वस्तू किल्ली म्हणून वापरताच ती भाषा चूक दाखवून थांबते. सी प्लस प्लसमध्ये सारणी घोषित करतानाच हॅशची कृती व तुलनेची कृती स्वतंत्रपणे पुरविता येते. सी शार्पमध्ये दोन्ही कृती एकाच तुलनाकारक वस्तूत असतात, त्यामुळे एक विसरून दुसरी लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

कॉमन लिस्प या जुन्या भाषेचे उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या प्रमाणित रूपात हॅश सारणीसाठी ईक्यू, ईक्यूएल, ईक्वल आणि ईक्वलपी अशा चारच तुलना ठरवून दिल्या आहेत. त्यांपैकी ईक्वलपी ही इंग्रजीतील लहान व मोठ्या अक्षरांचा भेद विसरते. त्यापलीकडील तुलना हवी असल्यास त्या भाषेच्या विशिष्ट आवृत्तीने दिलेली सोय वापरावी लागते आणि ती सोय तुलनेबरोबर हॅशची कृतीही मागते. इंग्रजीपुरता भेद विसरणारी तुलना अशी तयार मिळते. मराठीतील ह्रस्व-दीर्घाचा किंवा अनुस्वार-परसवर्णाचा भेद विसरणारी तुलना मात्र मराठी जाणणाऱ्यालाच घडवावी लागते.

प्रमाणरूपाची रीत

तुलना आणि हॅश यांची एकवाक्यता राखण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्रमाणरूप. प्रत्येक नावापासून ठरलेल्या नियमांनी एकच प्रमाणरूप तयार करावयाचे, तुलना प्रमाणरूपांचीच करावयाची आणि हॅश अंकही प्रमाणरूपावरूनच काढावयाचा. मग दोन्ही कामांचा पाया एकच राहतो आणि मुख्य नियम मोडण्याची शक्यताच उरत नाही. मराठी नावांसाठी प्रमाणरूपाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आखता येतील.

(१) संकेतांची एकरूपता : युनिकोडमध्ये एकच अक्षर कधी दोन प्रकारे साठविता येते. ‘ऱ’ हे एक स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा ‘र’ व खालचा नुक्ता अशा जोडीने लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला नाहीत. युनिकोडचे सामान्यीकरण या दोहोंना एक करते. परंतु ‘कऱ्हाळे’ या आडनावातील अर्धा ‘ऱ्’ काही कळफलकांवर साधा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी उमटविला जातो. हे रूप सामान्यीकरणाने एक होत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लागतो. युनिकोडपूर्व काळात विशिष्ट टंकांत टंकलिखित झालेला मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

(२) अंक व जागा : गट क्रमांकात एकाने मराठी अंक आणि दुसऱ्याने इंग्रजी अंक टाकले असतील, तर एकच पद्धत करावी. नावाच्या आरंभीच्या, शेवटच्या व दुहेरी मोकळ्या जागा काढाव्यात.

(३) अनुस्वार व परसवर्ण : ‘पण्डित’ व ‘पंडित’, ‘नान्देड’ व ‘नांदेड’ यांना एक रूप द्यावे. मात्र अर्ध्या अनुनासिकापुढे त्याच वर्गातील इतर व्यंजन असेल, तरच त्याचा अनुस्वार करावा. ‘अण्णा’मधील ‘ण्’ हा अनुस्वार नव्हे.

(४) ह्रस्व-दीर्घ : शासनमान्य लेखननियमांनुसार ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचे असते. पण जुन्या कागदांत ‘अहमदपुर’, ‘अर्धापुर’ अशी रूपे विपुल आहेत. शोधापुरते इ-ई व उ-ऊ हे भेद मिटविता येतात.

(५) स्थानिक उच्चार : ‘ज्ञ’ व ‘ग्य’, ‘मारुती’ व ‘मारोती’ यांसारख्या जोड्यांची यादी त्या भागातील कर्मचारी व जाणकार यांच्या साह्याने करावी. ‘राव’, ‘बाई’ यांसारखी आदरार्थी पदे वेगळ्या रकान्यात ठेवावीत.

पहिल्या तीन पायऱ्या बहुतांशी निर्धोक आहेत. चौथ्या व पाचव्या पायरीवर काही निराळी नावेही एक होतात. ‘शिला’ व ‘शीला’ यांचे अर्थ भिन्न आहेत, तरी ह्रस्व-दीर्घ मिटविताच त्या एक ठरतील. म्हणून या पायऱ्या शोध सुरू करण्यासाठी वापराव्यात, ओळख पक्की करण्यासाठी नव्हे. मूळ कागदातील लेखन जसेच्या तसे वेगळे जतन करावे. प्रमाणरूप ही शोधाची सोय आहे. मूळ नोंद हा पुरावा आहे.

उच्चारावरून नावे एकत्र आणण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये अशा पद्धतीचे एकस्व घेतले. ती पुढे साउंडेक्स म्हणून प्रसिद्ध झाली आणि तेथील जनगणनेच्या जुन्या नोंदी लावण्यास उपयोगी पडली. ती इंग्रजी आडनावांवर बेतलेली आहे. मराठी नावे रोमन लिपीत लिहून तिच्या स्वाधीन केल्यास ट व त, ड व द, ण व न हे भेद आधीच पुसले जातात. त्यामुळे मराठीसाठी देवनागरीवरच काम करणे श्रेयस्कर होय.

‘सारखे’ म्हणजे ‘एकच’ नव्हे

येथे एक मोह होतो. इतक्या पायऱ्या लिहिण्यापेक्षा ‘एका अक्षराचा फरक असेल, तर नाव एकच मानावे’ असा सुटसुटीत तुलनानियम का करू नये? नांदेड जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतच याचे उत्तर आहे. मुखेड आणि मुदखेड हे दोन स्वतंत्र तालुके आहेत. त्यांत फक्त एका ‘द’चा फरक आहे. हा नियम लावल्यास एका तालुक्याचा अर्ज दुसऱ्याच्या यादीत जाईल. नांदेड जिल्ह्यातील लोहा व धाराशिव जिल्ह्यातील लोहारा यांचीही तीच गत होईल.

हा झाला व्यवहारातील धोका. तर्काच्या दृष्टीनेही हा नियम हॅश सारणीस चालत नाही. एकपणाच्या नात्याला तीन अटी असतात. प्रत्येक नाव स्वतःशी एक असावे. पहिले दुसऱ्याशी एक असेल, तर दुसरे पहिल्याशी एक असावे. आणि पहिले दुसऱ्याशी व दुसरे तिसऱ्याशी एक असेल, तर पहिले तिसऱ्याशी एक असावे. ‘एका अक्षराचा फरक’ हा नियम तिसरी अट मोडतो. काळे व काटे यांत एका अक्षराचा फरक, काटे व कोटे यांतही एकाच अक्षराचा फरक. पण काळे व कोटे यांत दोन अक्षरांचा. मग काळे आणि कोटे एक की निराळे?

मुख्य नियम येथे लावून पाहिला, तर अडचण अधिक स्पष्ट होते. काळे व काटे एक मानले, म्हणून त्यांचा हॅश अंक एक हवा. काटे व कोटे एक मानले, म्हणून त्यांचाही तोच अंक हवा. एकेक अक्षर बदलत, वाढवत वा गाळत गेल्यास कोणत्याही नावापासून कोणत्याही नावापर्यंत पोचता येते. म्हणजे नियम पाळावयाचा, तर जगातील सर्व नावांचा हॅश अंक एकच ठेवावा लागेल. सर्व नोंदी एका खणात पडतील आणि कपाट असूनही पुन्हा पहिल्यापासून एकेक कागद चाळावा लागेल.

प्रमाणरूपाच्या रीतीत हा प्रश्न उद्भवत नाही. दोन नावांची प्रमाणरूपे एकतर तंतोतंत जुळतात किंवा जुळत नाहीत; त्यामुळे तिन्ही अटी आपोआप पाळल्या जातात. साम्याची पारख हवी असेल, तर ती नंतर करावी. सारणीने एका प्रमाणरूपाखालील नोंदी समोर ठेवाव्यात आणि त्या उमेदवार नोंदींतून गाव, गट क्रमांक, वडिलांचे नाव असे इतर पुरावे पाहून निर्णय घ्यावा.

ठेवलेली किल्ली बदलू नये

महसुली कामात फेरफार ही नित्याची बाब आहे. वारसाची नोंद होते, नावातील चूक दुरुस्त होते. सारणीत असलेल्या नोंदीची किल्लीच जागच्या जागी बदलली, तर काय होईल? ‘नान्देड’ म्हणून खण १ मध्ये ठेवलेली नोंद आता ‘नांदेड’ अशी दुरुस्त केली. नोंद खण १ मध्येच पडून राहिली. नव्या नावाने शोधणारा खण २ पाहील. जुन्या नावाने शोधणारा खण १ पाहील, पण तेथील किल्ली आता वेगळी दिसेल. नोंद सारणीत असूनही दोन्ही वाटांनी दुर्लभ होते. म्हणून आधी जुनी नोंद काढावी, मग दुरुस्ती करावी आणि मगच ती पुन्हा ठेवावी. जावा व पायथॉन या भाषांत साधा मजकूर एकदा तयार झाल्यावर बदलता येत नाही, त्यामुळे तो किल्लीस योग्य ठरतो. आज्ञावलीकाराने स्वतः घडविलेल्या किल्ल्यांनाही हाच दंडक लावावा.

याच संदर्भात आणखी एक दक्षता. हॅश अंक हा नागरिकाचा किंवा जमिनीचा ओळख क्रमांक नव्हे. पायथॉनच्या ३.३ आवृत्तीपासून मजकुराचा हॅश अंक सुरक्षिततेसाठी दर वेळी आज्ञावली सुरू होताना बदलतो. असा अंक कायमच्या नोंदवहीत उतरवून ठेवल्यास दुसऱ्या दिवशी तो निरर्थक ठरेल.

एकपणा कोणी ठरवावयाचा?

आतापर्यंतचे विवेचन तंत्राचे होते. तथापि तुलनानियमाचा गाभा तांत्रिक नाही. दोन नोंदी एक मानाव्यात काय, याचे उत्तर त्या नोंदी कोणत्या कामासाठी वापरावयाच्या यावर अवलंबून असते.

लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ हा तालुका आहे आणि अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद हे गाव आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, तर पुणे जिल्ह्यात नुसते शिरूर. जळकोट हा लातूरचा तालुका, तसेच धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील गावही. खुद्द नांदेड नावाचे एक गाव पुण्याजवळ सिंहगड रस्त्यालगत आहे. येथे लेखन तंतोतंत एक आहे, पण स्थळे निराळी आहेत. म्हणून केवळ नाव ही किल्ली अपुरी पडते. जिल्हा, तालुका व गाव यांचे शासकीय संकेतांक, त्यापुढे गट क्रमांक आणि मग नावाचे प्रमाणरूप, अशी संयुक्त किल्ली करावी. तिच्या ज्या घटकांची तुलना होते, त्यांखेरीज इतर काही हॅश काढताना घेऊ नये, इतके पथ्य पाळले म्हणजे पुरे.

याउलट उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे संपूर्ण स्थलांतर करून पुनर्वसन करण्यात आले. जुनी किल्लारी आणि पुनर्वसित किल्लारी एक की दोन? कुटुंबाचा पूर्वेतिहास शोधणाऱ्यासाठी ती एकच आहे, कारण माणसे तीच आहेत. घरजागेच्या नोंदीसाठी ती दोन आहेत, कारण जमीन निराळी आहे. संगणकाला यातले काही ठाऊक नसते. त्याला सांगितलेला अर्थ तो बिनतक्रार अमलात आणतो, आणि अर्थ चुकीचा असेल, तर तोही तितक्याच वेगाने.

यास्तव मोठ्या याद्या जुळविताना तुलनेचे नियम केवळ आज्ञावलीत दडलेले नसावेत. कोणते भेद मिटविले, कोणते राखले, हे साध्या मराठीत लिहून संबंधित अधिकाऱ्यांसमोर ठेवावे. यंत्राने दोन नोंदी जोडल्यास त्याचे कारण नोंदीसोबत राहावे, म्हणजे हरकत आल्यास जोड सोडविता येईल. आणि ‘नोंद आढळली नाही’ एवढ्यावरून अर्ज फेटाळू नये. निकटच्या नावांची यादी दाखवून माणसाने ती पाहावी.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे आज शिक्षणाची केंद्रे म्हणून ओळखली जातात. येथील संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय पाठ्यपुस्तकातील परक्या नावांऐवजी स्वतःच्या परिसरातील नावांवरून अभ्यासता येईल. नांदेडचे सोळा व लातूरचे दहा तालुके घ्यावेत. प्रत्येकाची जितकी लेखनरूपे आढळतील, तितकी जमवावीत. प्रमाणरूपाची कृती लिहावी आणि तीन चाचण्या घ्याव्यात. एका स्थळाच्या सर्व रूपांचा हॅश अंक एकच येतो काय? मुखेड व मुदखेड शेवटपर्यंत निराळे राहतात काय? सारणीचे खण दुपटीने वाढविल्यावरही प्रत्येक नोंद सापडते काय? या तिन्ही प्रश्नांस होकार मिळाला, तर आज्ञावलीचा पाया पक्का समजावा.

कोरडवाहू जमिनीच्या दोन एकरांची नोंद ज्याच्या आजोबांच्या नावे खासरा पत्रकात आहे, त्या शेतकऱ्यास हॅश सारणी हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या आजोबांचे नाव ‘मारोती’ असे लिहिले गेले असो वा ‘मारुती’, ते सापडावे आणि ते दुसऱ्या कोणाचे ठरू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती अपेक्षा रास्त आहे आणि थोड्या काटेकोरपणाने पूर्ण करता येण्यासारखीही आहे.